पाल्याचा रस आणि ‘रसायनमुक्त’ झिंक ऑक्साइड

कटकट्या: ‘वनस्पतीचा अर्क झिंक नायट्रेटचं क्षपण करून नॅनोकण बनवतो, रसायनमुक्त हरित पद्धत!’ ही पोस्ट आज तिसऱ्यांदा समोर आली, आता राहवेना. क्षपण म्हणजे इलेक्ट्रॉन मिळून धातूचा प्रभार कमी होणं; इथे ते कशाचं हो? नायट्रेटात झिंक +२, ऑक्साइडातही +२. चांदीच्या नॅनोकणांच्या पेपरातलं वाक्य (तिथे क्षपण होतं) उचललं, धातूचं नाव बदललं, झालं. नायट्रेट मग रसायन नाही तर काय, तीर्थ? आणि ते ५०० अंशांना मफल भट्टीत ठेवल्यावर निघणारा तपकिरी विषारी वायू, तोही हिरवाच समजायचा का?

पालापाचोळा: ‘क्षपण’ चुकीचं, मान्य. पण अर्क निरुपयोगी कसा? पाल्यातले पॉलिफेनॉल झिंक आयनांना धरून ठेवतात, कणांची ढेकळं होत नाहीत. आणि मॅग्नेटाइटचं, म्हणजे लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचं काय? नुसतं फेरिक क्लोराइड घेतलं तर थोडं लोह +३ वरून +२ वर आणावंच लागतं. तिथे क्षपण खरंच होतं. सगळ्यांना एकाच काठीने हाकू नका.

कटकट्या: ५०० अंशांना तुमचे पॉलिफेनॉल जळून जातात, तरी निष्कर्षात ‘वनस्पतीच्या आवरणामुळे जैवसुसंगत’! एमएस्सीला मी एक क्रूसिबल (भट्टीत ठेवायची मूस) बिनपाल्याचं ठेवलं होतं. एक्सआरडीला, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासल्यावर, तीच वुर्ट्झाइटची (झिंक ऑक्साइडच्या नेहमीच्या स्फटिकाची) शिखरं. सर म्हणाले, “हे कशाला केलंस? पेपरात घालू नकोस.”

उन्हाळी_पान: माझं दुखणं वेगळंच. १० ग्रॅम पाला, १०० मिली पाणी, झाड तेच. पावसाळ्यातला अर्क फिकट, कण जवळपास दुप्पट मोठे. रिव्ह्यूअर म्हणे, पुनरावृत्ती दाखवा. आता झाडाला काय सांगू, मे महिन्यातच राहा म्हणून?

पालापाचोळा: एकूण फेनॉल मोजून अर्क प्रमाणित करायचा. तुमचा आळस झाडावर कशाला?

उन्हाळी_पान: आळस?! रात्री दोनला तुंबलेला गाळणकागद बदलत बसलेय मी. थेंब… थेंब… आणि सकाळी त्यावर बुरशी. तुम्ही कधी स्वतः पाला धुतलाय, की ज्युनियरकडून धुऊन घेता?

पालापाचोळा: वैयक्तिक होऊ नका. (ज्युनियरच धुतो. पण मुद्दा तो नाही.)

झोनवाला: पाला राहू द्या, जिवाणूंचं बोला. डिस्कभोवती झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेलं वर्तुळ दिसलं की कणांची कमाल. नुसत्या झिंक मिठाची डिस्क शेजारी ठेवली होती का? झिंक आयनसुद्धा जिवाणू मारतात. आणि कण प्रकाशात रंग तोडतात हे दाखवायला मिथिलीन ब्लू हा रंग आधी अंधारात न ढवळता थेट प्रकाशात ठेवणाऱ्यांनो, रंग नुसता कणांना चिकटूनही उतरतो बरं.

उन्हाळी_पान: हे आले, आता सगळ्यांचेच पेपर रद्द करा!

पालापाचोळा: बरं, कटकट्यामहाराज, ‘क्षपण’ काढतो, ‘रसायनमुक्त’ही काढतो. शीर्षकातलं ‘हरित’ तेवढं राहू द्या, नाहीतर छापणार कोण?

कटकट्या: आणि बिनपाल्याचं क्रूसिबल?

पालापाचोळा: भट्टीचा नंबर मंगळवारी आहे. ठेवतो. सरांना सांगू नका.