मदत हवी आहे: मुलीसाठी 10 मीटर स्पर्धेची जुनी एअर रायफल, सिलेंडरवाली घ्यावी की लिव्हरची?

नमस्कार मंडळी,

आम्ही अमळनेरचे. मुलगी चौदा वर्षांची, नववीत आहे. दोन वर्षांपासून ती जळगावला एअर रायफल शिकते. शनिवार-रविवार सकाळच्या गाडीने तिला घेऊन जातो, दुपारी परत. स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं, ते 50 मीटरमध्ये, हिचा खेळ 10 मीटरचा. पण तो तेव्हा मध्य रेल्वेत टीसी होता हे कळल्यापासून गाडीत टीसी आले की पोरगी सावरून बसते.

सुरुवात शाळेच्या स्पर्धेतल्या ओपन साइटपासून, म्हणजे उघड्या खाचेतून नेम धरण्यापासून झाली. आता सरांनी तिला पीप साइटवर (मागच्या बारीक भोकातून नेम धरायचा) घेतलंय. क्लबची रायफल चार मुलांत मिळून एक, त्यामुळे स्वतःची घ्यायची वेळ आली आहे. मागच्या वर्षी घाईत एक चूक केली, तीच पुन्हा होऊ नये म्हणून इथे विचारतोय.

एका दुकानातून .177 ची (साडेचार मिलिमीटर छर्र्याची) नवी स्प्रिंगची रायफल घेतली होती. "पीप साइट नंतर बसवता येईल" असं दुकानदाराने छातीठोक सांगितलं. घरी आणून पाहिलं तर साइट अडकवायला मागे खाचाच नाहीत. शिवाय स्प्रिंग सुटली की अख्खी रायफल आधी मागे आणि लगेच पुढे हिसका देते, आणि त्या वेळी छर्रा अजून नळीतच असतो. पोरीने महिनाभर प्रामाणिकपणे प्रयत्न केला. कार्डावरचा 10 गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्यापेक्षाही बारीक. तिथे असा हिसका चालत नाही. ते पैसे गेले ते गेलेच, पण तिचा महिना वाया गेला याचं जास्त वाईट वाटतं.

आता दोन जुन्या रायफली समोर आहेत.

पहिली फाइनवर्कबाऊ या जर्मन कंपनीची 603. बाजूची लिव्हर ओढून दर गोळीला हवा भरायची. सिलेंडर नाही, पंप नाही, हवा संपायची भीती नाही. हिसकाही जवळजवळ नाही. अडचण लिव्हरची. स्पर्धेत 60 गोळ्या, त्याआधी सरावाच्या वेगळ्या. प्रत्येक गोळीनंतर रायफल खाली घ्या, लिव्हर ओढा, पुन्हा पवित्रा घ्या. मी स्वतः चाळीस वेळा ओढून पाहिली, खांदा बोलायला लागला. हिचा हात अजून कोवळा आहे.

दुसरी फाइनवर्कबाऊ 700, दाबाने हवा भरलेल्या 200 बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) सिलेंडरची. बट (खांद्याला टेकतो तो मागचा भाग), गालाची पट्टी सगळं मागेपुढे, वरखाली होतं. हिला खरी गरज त्याचीच आहे. क्लबच्या रायफलीचा बट लांब पडतो, म्हणून ती मान पुढे ताणते. पहिल्या तीस-चाळीस गोळ्या छान जातात, मग मान दुखली की छर्रे सातच्या काट्याकडे, खाली डावीकडे सरकायला लागतात. तिची कार्डं मी जपून ठेवली आहेत. ओळीने मांडली की कुठून थकली ते बोटाने दाखवता येतं. सर म्हणतात, "रायफल तिच्या मापाची करा, ती रायफलीच्या मापाची व्हायला नको." मला पटतं.

पण सिलेंडरची मला धास्ती आहे. स्पर्धेत मुदतीतलाच सिलेंडर चालतो आणि ती मुदत दहा वर्षांची असते, असं सरांनी सांगितलं. विकणारे म्हणतात, "चालू आहे, गळत नाही." गळत नसेलही, पण तारीख उलटलेला 200 बारचा सिलेंडर पोरीच्या हनुवटीखाली ठेवायला माझं मन धजत नाही.

दुसरा प्रश्न हवा भरण्याचा. असा सिलेंडर ज्यातून भरतात ते स्कूबा डायव्हरचे टँक अमळनेरला कुठून येणार? हातपंप घ्यावा तर पावसाळ्यात हवेतली ओल आत जाऊन रेग्युलेटर (हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग) खराब होतो म्हणतात. एकाने वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन भरून घ्या असं सुचवलं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल-ग्रीस एकत्र आले की भडका उडतो, तो मार्ग मी साफ बंद केला आहे. कुणी असा विचार करत असेल तर कृपया करू नका.

घरी सरावाची सोय केली आहे. कापसाच्या जुन्या गोडाऊनमध्ये बरोबर 10 मीटरवर कार्ड, मध्य जमिनीपासून 1.40 मीटर उंच. मागे लोखंडी पेटीत तिरकी जाड पत्र्याची पाटी, छर्रा आपटून खालच्या वाळूत पडतो. दार एकच, तेही रायफल धरणाऱ्याच्या मागे. छर्रे शिशाचे, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याला हात लावायचा नाही, हा नियम आहे. आजीला मात्र अजून पटलेलं नाही. "इतली जड बंदूक पोरना हातमा कसाले दिधी?" हे रोज ऐकतो. परवा पोरीने आजीला पीप साइटमधून बघायला लावलं आणि समजावलं, "आजी, थाळीत वाटी, वाटीत बोर. बोर बरोबर मध्ये आलं की बोट दाबायचं." आजी बराच वेळ डोळा लावून बसल्या होत्या.

माझे प्रश्न असे:

सिलेंडरवरची तारीख नेमकी कुठे पाहायची? फक्त सिलेंडर नवा घेऊन जुन्या रायफलीला लावला तर चालतं ना, की जोडणीचे आटे वेगळे निघतात?

खानदेशात, निदान नाशिकपर्यंत, कोरडी हवा भरून मिळते का? हातपंपाला ओल शोषणारी डबी लावून कुणी दोन-तीन पावसाळे काढलेत का?

603 वर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने पूर्ण 60 गोळ्यांची स्पर्धा खेळलेली कुणी पाहिली आहे का?

आणि छर्रे. 4.49, 4.50, 4.51 मिलिमीटर अशा तीन मापांचे डबे मिळतात. जुन्या नळीला कोणतं माप बसतं ते रायफल शिकंजात आवळून, प्रत्येकाच्या दहा-दहा गोळ्या मारून ठरवायचं असं वाचलंय. शिकंजात आवळताना नळीला किंवा स्टॉकला इजा होऊ नये म्हणून काय करता?

वजन दोन्हींचं नियमातल्या साडेपाच किलोच्या आत आहे, त्याची चिंता नाही.

ताजा कलम: एका दादांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सांगितल्याप्रमाणे विकणाऱ्यांकडून सिलेंडरचा जवळून फोटो मागवला. गळ्याजवळ बारीक अक्षरात 2013 कोरलेलं आहे. म्हणजे सिलेंडर बाद. रायफल मात्र नीट ठेवलेली दिसते, नळीचं तोंड स्वच्छ आहे. नव्या सिलेंडरचे पैसे किमतीतून कमी करायला ते तयार आहेत, उत्तर रविवारपर्यंत द्यायचं आहे. त्यामुळे आता 700 ला नवा सिलेंडर बसवून वापरणाऱ्यांनी आधी बोलावं, ही विनंती. शनिवारी पोरीला घेऊन जळगावला जाईन, तेव्हा तुमची उत्तरं सरांनाही वाचून दाखवीन.