मुलीचं काउन्सेलिंग सुरू आहे पण आम्हाला कोणी काहीच सांगत नाही, असंच असतं का?

बाहेरचीखुर्ची:
मुलगी १६ वर्षांची. सहा-सात महिने झाले नुसती चिडचिड, मैत्रिणी तुटल्या, रात्री तीनपर्यंत जागी. आम्ही आधी मोबाईलला नावं ठेवली मग वयाला. शेवटी डॉक्टरांकडे नेलं तर डिप्रेशन निघालं, गोळी सुरू झाली आणि दर गुरुवारी सेशन. ती आत जाते, दार बंद, पाऊण तास मी बाहेर खुर्चीवर, मग ती येते, बॅग उचलते आणि "चल". काउन्सेलरना विचारलं की "कॉन्फिडेन्शियल आहे". अहो पण बाकीचे सहा दिवस ती आमच्याच घरात असते ना! गोळीला १० दिवस झाले, काडीचा फरक नाही, बंद करूया असं ह्यांचं म्हणणं.

दोन_मुलांचा_बाबा:
गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका हो, बाकी सगळं नंतर. नीट फरक कळायला ४ ते ६ आठवडे जातात. उलट सुरुवातीलाच जास्त लक्ष ठेवायचं, कारण ह्या वयात काही जणांना पहिल्या काही आठवड्यांत जीव द्यायचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) २००४ मध्ये ह्या औषधांवर मुलांसाठी ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. आम्हाला हे कोणी सांगितलंच नव्हतं, खोक्यातला तो बारीक अक्षरातला कागद वाचून कळलं, तेव्हा जे डोकं फिरलं माझं! गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा, रोजची रोज हातात द्या. आणि अस्वस्थपणा एकदम वाढला, किंवा मरणाच्या गोष्टी करायला लागली तर गुरुवारची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.

ऐकणारी:
मी ह्याच कामात आहे. ती आत काय बोलली ते तिचं, पण म्हणून आईवडलांना अंधारात ठेवायचं असं नसतं. काय आत राहील आणि काय घरी सांगावं लागेल (जिवाला धोका, कोणी छळतंय वगैरे) हे पहिल्याच भेटीत सगळ्यांसमोर बोलून घ्यायचं असतं, तुमच्याकडे ते राहिलेलं दिसतंय. तिला सांगून तुमच्यासाठी वेगळी वेळ मागा, पण "ती काय म्हणाली" हे विचारू नका, "घरी आम्ही काय करू, काय टाळू, आणि काय दिसलं तर तुम्हाला लगेच फोन करू" हे विचारा. ह्याची उत्तरं मिळायलाच हवीत. एनोरेक्सियात (वजन वाढेल ह्या भीतीने खाणंच टाळण्याचा आजार) तर घरच्यांना घेऊन केलेली ट्रीटमेंट मुलांमध्ये पहिली पसंती असते, त्यामुळे पालकांनी बाहेरच बसायचं असा काही नियम नाही. आणि ह्या वयात डिप्रेशन रडण्याऐवजी चिडचिडीतूनही दिसू शकतं, तेव्हा स्वतःला फार दोष देऊ नका. एक मात्र करा, मरणाचे विचार येतात का हे तिला सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात भरत नाही.

अर्धवटझोप:
मी ती आत बसणारी मुलगी होते, आता २० ची आहे. परत येताना गाडीत आई रोज "आमच्याबद्दल काय सांगितलंस?" मग मी सेशनमध्ये पण जपून बोलायला लागले, म्हणजे घरी सांगता येईल एवढंच. तिने विचारणं सोडलं, नुसती गाणी लावायची, मग तिसऱ्या की चौथ्या वेळी मीच बोलले. अजून एक, १८ झाल्यावर मुलांच्या विभागाने फाईल बंद केली, नवीन डॉक्टर, पुन्हा पहिल्यापासून रामायण. ऑस्ट्रेलियात हेडस्पेस म्हणून तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी संस्था आहे २००६ पासून, तिच्या सेंटरांत १२ ते २५ सगळे एकाच ठिकाणी, ते मला पटतं. तुम्ही दोन वर्षं आहेत तोवरच पुढचं विचारून ठेवा.

बाहेरचीखुर्ची:
काल विचारलं. बराच वेळ चादरीचा दोरा ओढत बसली, मग म्हणाली आधी यायचे, आता नाही. मी नुसतं ऐकलं, हात थरथरत होते. काउन्सेलरना सांगावं लागेल म्हटलं तर "मी सांगते, तू पण आत ये". गोळी चालू आहे, ह्यांनी स्वतःच्याच मोबाईलवर अलार्म लावलाय.