दहावी होईपर्यंत थांबू की आत्ताच निघू?

सासर रत्नागिरीजवळ. मुलगी दहावीला, मुलगा सहावीत. मारहाण नाही, दारू नाही, म्हणून "तुला खुपतंय तरी काय?" या आईच्या प्रश्नावर माझी दातखीळ बसते. हे माझ्याशी थेट बोलतच नाहीत. मी हाताच्या अंतरावर भाकरी थापत असते आणि मुलाला सांगतात, "आईला सांग, बांगडे आणलेत." गणपतीत चाकरमानी जमले की मात्र आरतीला शेजारी हसतमुख उभे! आंबापोळी, आगळ विकून थोडं कमावते. घर सासऱ्यांच्या नावावर.

देवगडची काकी: बोर्डासाठी थांबतलंस तर थांब, लोकांसाठी नको गो. पैसे तुझ्या एकटीच्या खात्यात जातत मां?

कोर्टातला माणूस: घर सासऱ्यांचं असलं तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात राहण्याचा हक्क मागता येतो, मानसिक छळही त्यात धरतात. संमतीच्या घटस्फोटाला आधी वर्षभर वेगळं राहावं लागतं. एका छपराखाली राहूनही नवरा-बायकोसारखं नांदत नसाल तरी ते चालतं. अर्जानंतर थांबायचे ६ महिने कोर्ट माफ करू शकतं, २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.

गुहागरकर: माझे आईबाबा असेच राहिले. निरोप्या मी होतो. मुलाचं आधी थांबवा, घटस्फोटाचं नंतर बघू.

मूळ प्रश्नकर्ती: काकी, खातं जॉइंट आहे. सोमवारी बँकेत जाते.