शब्दचर्चा: अशनीच्या आघाताने खडक ‘वितळतो’ की आणखी काही?

प्रश्न (ग्वाल्हेर): आमच्या शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यातल्या, अशनीच्या आघाताने झालेल्या ढाला विवरावर मराठीत टिपण करायचं आहे. शिक्षण हिंदीतून, त्यामुळे हाताला ‘उल्कापिंड’, ‘कायांतरण’ हेच शब्द येतात. ‘उल्का पडल्याने खडक विरघळून त्याची काच झाली’ हे वाक्य चालेल का?

उत्तर: उल्का म्हणजे आकाशात दिसणारी प्रकाशाची रेघ, जमिनीपर्यंत पोचतो तो अशनी. कायांतरणाला मराठीत रूपांतरण. आणि साखर पाण्यात विरघळते, मेण आचेने वितळतं. इथे ‘वितळून’ हवं. आपल्याकडे ‘पिघळून’ही कानावर येतं, पण छापू नका.

दुसरं उत्तर: ‘वितळून’ही सरसकट नको, खरी गफलत इथेच होते. आघाताचा दाब १० गिगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे लाखपट झाला की क्वार्ट्झ या खनिजाच्या कणात सरळ, समांतर, अतिबारीक पटलं उमटतात. ३० ते ४५ गिगापास्कलच्या आसपास फेल्स्पार या दुसऱ्या खनिजाची अणुरचना मोडते आणि कण घन असतानाच काचरूप होतो. त्याचा रस होतच नाही, म्हणून मूळ आकार आणि भेगाही टिकतात. हाच मॅस्केलिनाइट. तो पहिल्यांदा ओळखला गेला बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ साली पडलेल्या अशनीत. लोणारच्या बेसाल्टातही तो आहे. त्याला ‘वितळलेली काच’ म्हणणं साफ चूक. साधारण ६० गिगापास्कलच्या वर मात्र सबंध खडक वितळतो, आणि तोही दाब उतरल्यावर: दाबताना खडकात शिरलेली सगळी ऊर्जा परत निघत नाही, उरते ती उष्णता होते.

प्रश्न: मग ‘काचणे’ असं क्रियापद करावं का?

उत्तर: नको, दोरी काचते! ‘काचरूप होणे’ स्वच्छ आहे.

भर: ओळखायचं कसं तेही टिपणात घ्या. खडकाचा ०.०३ मिमी जाडीचा काप घ्यायचा, सूक्ष्मदर्शकात दोन्ही ध्रुवक (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या चकत्या) एकमेकांना आडवे-उभे लावून काप ठेवायचा फलाट पूर्ण फिरवायचा. साधा फेल्स्पार फेरीत चारदा काळा होतो, मॅस्केलिनाइट सतत काळाच राहतो. पण कापाला पडलेलं भोकही काळंच दिसतं! म्हणून वरचा ध्रुवक काढून कणाची कड आणि जुन्या भेगा दिसतात का, हे बघितल्याशिवाय नाव देऊ नये. क्वार्ट्झमध्येही पटलं वाकडी आणि विरळ असतील तर ती भूकवचाच्या हालचालींची असू शकतात, आघाताची नव्हेत.

प्रश्न: नवं वाक्य: ‘अशनीच्या आघाताने ढालाच्या ग्रॅनाइटी खडकातल्या क्वार्ट्झमध्ये समांतर पटलं उमटली, काही खडक वितळला आणि न वितळलेले तुकडे पोटात घेऊन गोठला.’

उत्तर: उत्तम. फक्त ‘गोठला’ऐवजी ‘थिजला’ करा. गोठणं म्हटलं की पाणी आणि थंडी डोळ्यांपुढे येते. हा रस हजार अंशांच्या आसपासही घट्ट होऊ लागतो.