नव्वद टक्के ऊर्जा जाते कुठे?

अन्नसाखळीत दर पायरीला नव्वद टक्के ऊर्जा 'नष्ट' होते, असं म्हणतात. नष्ट काही होत नाही हो, फक्त पुढच्याच्या तोंडी पडत नाही.

पानावरची अळी घ्या. तिने २०० ज्यूल ऊर्जेचं पान कुरतडलं, तर साधारण १०० ज्यूल विष्ठेतून बाहेर पडतात, ६७ च्या आसपास श्वसनात खर्च होतात आणि जेमतेम ३३ अंगी लागतात. तिला टिपणाऱ्या पक्ष्याला मिळतात ते हे ३३. विष्ठेतल्या १०० वर बुरशी आणि जिवाणू जगतात, म्हणजे तेही वाया नाहीत. श्वसनातली उष्णता मात्र गेली ती गेली, कुठलंही झाड ती परत घेऊ शकत नाही. शिवाय सगळी पानं कुणी खात नाही आणि प्रत्येक अळी पक्ष्याला सापडत नाही, ती गळती वेगळीच.

उरलेली दहा टक्केच पुढच्या पायरीला मिळते, या नियमाचं श्रेय परिसंस्थांचे अभ्यासक रेमंड लिंडेमन यांच्या १९४२ च्या शोधनिबंधाला देतात. पण पाठ्यपुस्तकं तो आकडा दगडावरची रेघ असल्यासारखा छापतात, हे मला खटकतं. प्रत्यक्षात ५ ते २० टक्के काहीही निघतं. अळीपेक्षा पक्षी जास्त उधळ्या, कारण अंग गरम ठेवण्यातच त्याची बहुतेक कमाई संपते.

आणि अन्नसाखळीच्या पायऱ्या एकावर एक रचून काढलेला पिरॅमिड समुद्रात उलटा, म्हणजे खाली अरुंद, दिसतो म्हणाल, तर तो जैवभाराचा, म्हणजे त्या क्षणी असलेल्या सजीवांच्या एकूण वजनाचा. सूक्ष्म वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगत उन्हावर अन्न बनवणारे जीव) भराभर वाढतात, तितक्याच भराभर खाल्ले जातात, म्हणून कुठल्याही क्षणी थोडेच दिसतात. ऊर्जेचा पिरॅमिड तिथेही सरळच असतो.