मार्कांवरून नाही, तरी मार्कांवरूनच

‘आता हुशार-ढ अशा तुकड्या कोणी पाडत नाही, मुलं मिसळूनच बसवतात,’ असं शाळेतल्या तुकड्यांवरच्या चर्चेत एकांनी लिहिलंय. मला हे पटत नाही. विभागणी होतेच, फक्त विषयाच्या आडून होते. आमच्या वेळी आठवीत संपूर्ण संस्कृत, संयुक्त (अर्धं संस्कृत, अर्धं हिंदी) किंवा हिंदी असं निवडायचं असायचं, आणि वेळापत्रक जमावं म्हणून एका विषयाची मुलं एकाच तुकडीत. आमच्या शाळेत संपूर्ण संस्कृत मिळायचं ते सातवीत चांगले मार्क असलेल्यांना. झाली ‘अ’ तुकडी तयार! जूनमध्ये नोटीस बोर्डावर यादी लागली तेव्हा माझं नाव ‘ड’मध्ये होतं आणि चौथीपासून एका बाकावर बसणारी मैत्रीण ‘अ’मध्ये. ते दुःख एक वेळ सोडा. ‘अ’ला गणिताला सगळ्यात जुने सर होते, आमच्याकडे दिवाळीपर्यंत गणिताचा तास ऑफ. प्रयोगशाळेत आम्ही वर्षभरात दोनदा गेलो.

आज तेच काम सेमी करतं. गणित-विज्ञान इंग्रजीतून घेणाऱ्यांची तुकडी वेगळी, आणि माझ्या मुलाच्या शाळेत तिथे जायला पाचवीत चाचणी. शिक्षण हक्क कायद्याच्या 2010 च्या केंद्रीय नियमांत खासगी शाळांत दुर्बल-वंचित घटकांसाठी असलेल्या 25 टक्के राखीव जागांवरच्या मुलांना वेगळ्या वर्गात बसवायला स्पष्ट मनाई आहे. तशीच मनाई मार्कांबाबतही हवी, असं मला मनापासून वाटतं. तोवर पालकसभेत मी एकच मागणी लावून धरली: गणिताचे शिक्षक दरवर्षी तुकड्या बदलून द्या. यंदा ती मान्य झाली.