जुन्या जाहिरातींतल्या बायकांच्या टॉनिकमध्ये असायचं तरी काय?

अमळनेरची वाचक: वाचनालयासाठी जुन्या औषधी जाहिरातींचे फलक करतेय. 'पाळीच्या सर्व तक्रारींवर रामबाण' म्हणणाऱ्या बाटल्यांत नेमकं काय असे? अशोकारिष्ट हे आयुर्वेदिक औषधही त्याच फलकावर लावू का?

खलबत्ता: ताई, सुरुवात लिडिया पिंकहॅमपासून करा. अमेरिकेतल्या लिन गावात १८७५ पासून तिचं 'व्हेजिटेबल कंपाउंड' बाटलीबंद विकलं जाऊ लागलं. त्यात ब्लॅक कोहोशसारख्या मुळ्या, मेथी आणि सुमारे १८ टक्के अल्कोहोल! कंपनी म्हणे, अर्क उतरायला आणि टिकायला लागतं. बाई १८८३ मध्ये वारल्या, तरी 'मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा' ही जाहिरात चालूच. १९०५ मध्ये 'लेडीज होम जर्नल' या मासिकाने थेट तिच्या थडग्याचा फोटो छापला. १९०६ च्या अमेरिकी कायद्याने अल्कोहोल आणि अफू लेबलावर लिहिणं भाग पाडलं.
'अडलेली पाळी मोकळी करणाऱ्या' गोळ्यांना वेगळी चौकट द्या. अशा जाहिरातींचा खरा रोख बहुतेकदा गर्भपाताकडे असे.

धायटी: अशोकारिष्ट त्या रांगेत नको. त्याचा पाठ (कृती) ग्रंथात उघड आहे: अशोकाची साल ४.८ किलो, पाणी ४९ लिटर, आटवून चौथाई. मग गूळ ९.६ किलो, धायटीची फुलं ७६८ ग्रॅम आणि सुंठ, जिरे, त्रिफळा वगैरे. अल्कोहोल वरून घालत नाहीत, आंबताना तयार होतं. काढा गरम असताना धायटी टाकली तर तिच्यातलं किण्व (आंबवणारं यीस्ट) मरतं. तोंड नीट बंद नसेल तर आंबट होतं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर भांडं थंड खोलीतच हवं. पेटती काडी भांड्याच्या तोंडाशी विझली, तर आंबणं चालू आहे.
भेसळ सालीत होते. बंगल्यापुढचा उंच सरळ अशोक हा आसुपालव. औषधाला सीतेचा अशोक लागतो, केशरी फुलांच्या झुबक्यांचा.

खलबत्ता: पाठ उघड, मान्य. पण 'सर्व तक्रारींवर' हा दावा अशोकारिष्टाच्या बाटलीवरही खपवून घेऊ नका.

कलम ३: भारतापुरतं सांगतो. १९५४ च्या 'औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती)' कायद्याने पाळीचे विकार बरे करण्याच्या औषधांची जाहिरात बंद केली. त्यात लेबल, वेष्टन आणि तोंडी पुकाराही येतो, म्हणजे यात्रेत माइकवर ओरडणारासुद्धा. फलकावर प्रत्येक जाहिरातीचं साल ठळक टाका. १९५४ नंतरची सापडली, तर ती वेगळी लावा.